झिजणाऱ्या पावलांचा हिशेब

युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो आता मजुरीचे दर आणि बोनस ह्यांवर बोलणार, असे लोक धरून चालतात. आज आम्ही बोलणार आहोत ते कृत्रिम सांध्यांवर. झिजलेला खुबा किंवा गुडघा काढून त्याच्या जागी धातूचा, प्लॅस्टिकचा किंवा चिनी मातीच्या जातीचा सांधा बसवतात, त्या विद्येचा हा इतिहास आहे. आम्ही वैद्य नाही, शास्त्रज्ञही नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत जमेल तसे झाले. परंतु यंत्रमाग कामगारांत इतकी वर्षे काढल्यामुळे एक विषय आम्हाला पुरता ठाऊक आहे, आणि तो म्हणजे झीज.

मागाचा बुश झिजला की माग खडखडू लागतो. धोट्याला मार देणारा पिकर झिजला की धोटा वाकडा उडतो. चांगला जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो की, अमुक भाग आता आठ दिवसांचा सोबती आहे. मग स्टोअरमधून नवा भाग येतो, जुना भंगारात जातो आणि माग पुन्हा चालू लागतो. पण त्याच मागापुढे बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचा गुडघा झिजला, तर त्याचा सुटा भाग कोणत्या स्टोअरमध्ये मिळतो? शेकडो वर्षे ह्या प्रश्नाला उत्तरच नव्हते. काठी घ्यावी, तेल चोळावे आणि ओसरीवर बसून राहावे, एवढाच उपाय होता. आज उत्तर आहे. ते कसे मिळाले, कोणाच्या हातांनी मिळाले आणि मिळालेले उत्तर मधूनमधून कसे हरवले, हे आपण पाहू.

प्रथम मूळ वस्तू ध्यानात घेतली पाहिजे. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो व मध्ये निसर्गाने घातलेले वंगण असते. ह्या जोडीत घर्षण इतके थोडे होते की, बर्फावर सरकणारी पट्टीसुद्धा तिच्यापुढे खरबरीत म्हणावी. चालताना ह्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीड-दोन क्विंटल वजन पडते, असे समजा. आणि पावले किती? यंत्रावर कृत्रिम सांधे तपासणारे लोक एका पायाची वर्षाची पावले साधारण दहा लाख धरतात. वीस वर्षे टिकायचे म्हणजे दोन कोटी पावले. वंगण घालायला मध्ये सुट्टी नाही आणि रविवारची साप्ताहिक रजाही नाही.

अशा कामाला माणसाने प्रथम काय लावून पाहिले? हस्तिदंत! 1890 साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लूक ह्या शल्यवैद्याने क्षयाने पोखरलेले गुडघे काढून त्या जागी हस्तिदंताच्या बिजागऱ्या बसवल्या. कल्पना धाडसाची होती, पण क्षयाचा संसर्ग आतच होता, तो उफाळला आणि ते सांधे टिकले नाहीत. पुढे बोस्टनचे स्मिथ-पीटरसन ह्यांनी 1923 साली निराळा मार्ग धरला. एका रुग्णाच्या पाठीत अनेक दिवस राहिलेला काचेचा तुकडा त्यांनी काढला, तेव्हा काचेभोवती शरीराने गुळगुळीत पडदा तयार केलेला त्यांना दिसला. मग खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी घालून पाहावी, असे त्यांच्या मनात आले. काच शरीराला मानवली, पण भार पडताच फुटली. सेल्युलॉइड, पायरेक्स, बेकेलाइट असे एकेक पदार्थ त्यांनी पाहिले. शेवटी दातांच्या वैद्याच्या सूचनेवरून 1938 साली त्यांनी व्हायटॅलियम ही कोबाल्ट व क्रोमियमची मिश्रधातू घेतली आणि ती टिकली. पंधरा वर्षांच्या शोधाला आधार मिळाला तो शेजारच्या धंद्यातून. हे लक्षात ठेवावे. कारण ह्या इतिहासात तसे पुन्हा घडणार आहे.

1946 साली पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी खुब्याचा खराब झालेला गोळाच कापून त्या जागी अॅक्रिलिक प्लॅस्टिकचा गोळा बसवण्यास आरंभ केला. सुरुवातीला वाहवा झाली. नंतर हे गोळे झिजू लागले, मोडू लागले, आणि काही तर चक्क करकरू लागले. असाच एक रुग्ण मँचेस्टरच्या एका शल्यवैद्याच्या कानी आला. जेवणाच्या मेजावर तो पुढे वाकला की त्याचा खुबा करकरे आणि त्या आवाजाला त्याची बायको कंटाळून गेली होती. दुसरा कोणी ही हकीकत ऐकून हसला असता. ह्या शल्यवैद्याने ती जॉबरच्या कानाने ऐकली. करकर म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे सांधा सैल होणे, आणि सैल झालेला सांधा म्हणजे फसलेली शस्त्रक्रिया. त्याचे नाव जॉन चार्नले.

चार्नले ह्यांचा जन्म 1911 साली लँकेशायरमधील बरी ह्या गावी झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. लँकेशायर हा सुतगिरण्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा मुलूख. यंत्रमागाची विद्या जिथे वाढली तो हा प्रदेश. आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला, त्या मागाचे कूळही तिकडचेच. चार्नले स्वतः लेथवर काम करीत आणि कारागिराशी कारागिराच्या भाषेत बोलत. विगन शहराजवळ राइटिंग्टन नावाचे क्षयाचे रुग्णालय होते. औषधांनी क्षय आटोक्यात आल्यावर तेथील खाटा रिकाम्या पडू लागल्या, तेव्हा चार्नले ह्यांनी तेथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले आणि सोबत एक छोटा कारखानाही उभारला. रुग्णालयाला चिकटून कारखाना असावा, हा विचार त्या काळी नवलाचा होता. त्या कारखान्यात काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव हॅरी क्रेव्हन.

चार्नले ह्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, धातूचा गोळा लहान करायचा, म्हणजे वाटीला बसणारा पीळ कमी होईल. तो त्यांनी पुढे सात अष्टमांश इंचावर, म्हणजे सुमारे 22 मिलिमीटरवर आणला. दुसरी, सांधा हाडात घट्ट बसवण्यासाठी दंतवैद्य वापरतात त्या जातीचे अॅक्रिलिक सिमेंट घ्यायचे. पुन्हा शेजारच्या धंद्याची मदत! तिसरी, वाटीसाठी अत्यंत निसरडा पदार्थ शोधायचा. त्या वेळी सर्वांत निसरडा पदार्थ म्हणजे टेफ्लॉन. हल्ली आपल्या स्वयंपाकघरातील न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा लेप असतो तोच. 1958 पासून त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. देशोदेशीचे शल्यवैद्य पाहायला आले. सुमारे तीनशे रुग्णांना हे सांधे बसले.

आणि मग हिशेब चुकता करण्याची वेळ आली. टेफ्लॉन निसरडे खरे, पण फार लवकर झिजणारे. दोन-तीन वर्षांतच धातूचा गोळा वाटीच्या भिंतीत रुतू लागला. ह्याहून वाईट म्हणजे, झिजून निघालेल्या भुकटीचा शरीराला उपद्रव होऊ लागला. तिच्याभोवती गाठी धरत, हाड खाल्ले जाई आणि सांधा सुटून येई. ज्या माणसांना चालते केले त्यांनाच पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर घ्यावे लागले.

ह्या जागी माणसाची परीक्षा होते. चार्नले ह्यांना नाव होते, मान होता. निकाल दडपता आले असते, रुग्णाच्या वजनावर किंवा चालण्यावर दोष ढकलता आला असता. त्यांनी तसे केले नाही. बसवलेल्या वाट्या पुन्हा आपल्याच हातांनी काढल्या आणि अपयश जाहीरपणे लिहिले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ह्या भुकटीचे शरीरात काय होते ते पाहण्यासाठी त्यांनी ती स्वतःच्या मांडीत घालून घेतली आणि तिथे धरलेल्या गाठीची हकीकत 1963 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. मालकाने आधी स्वतः यंत्रावर उभे राहून दाखवावे आणि मग कामगाराला सांगावे, असे आम्ही दारासभेत नेहमी म्हणतो. ते अक्षरशः करणारा माणूस आम्हाला ह्या इतिहासात भेटला, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

परंतु प्रामाणिकपणाने प्रश्न सुटत नाही. प्रश्न सुटण्याची वाट मोकळी होते, एवढेच. टेफ्लॉन गेले, आता काय? ह्या ठिकाणी हॅरी क्रेव्हन पुढे येतात. 1962 च्या मे महिन्यात बिन्स नावाचा एक फिरता विक्रेता राइटिंग्टनला आला. त्याच्याजवळ जर्मनीत तयार झालेल्या एका नव्या प्लॅस्टिकचे नमुने होते. हे प्लॅस्टिक लँकेशायरच्या कापड कारखान्यांत मागांच्या दात्यांच्या चाकांसाठी विकले जात होते. मागाचे धक्के सोसणारा पदार्थ तो! त्याचे नाव उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन. चार्नले ह्यांनी नमुना हातात घेतला, अंगठ्याचे नख त्यात रोवून पाहिले, ह्याच्यामागे वेळ दवडण्यात अर्थ नाही असा अभिप्राय दिला आणि ते निघून गेले.

क्रेव्हन ह्यांनी तो तुकडा फेकून दिला नाही. साहेब परदेशी परिषदेला गेलेले असताना त्यांनी तो झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवड्यांनी माप घेतले, तेव्हा आढळले की टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजते तितकेही हे नवे प्लॅस्टिक तीन आठवड्यांत झिजलेले नाही. चार्नले परतल्यावर क्रेव्हन ह्यांनी त्यांना यंत्रापाशी नेले. अंगठ्याच्या नखाने दिलेला निकाल यंत्राच्या मापाने फिरवला. चार्नले ह्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी तो निकाल तेथल्या तेथे मान्य केला आणि ही हकीकत पुढे स्वतःच सांगितली. 1962 च्या नोव्हेंबरात पॉलिएथिलीनची पहिली वाटी रुग्णाला बसली. त्या जातीची वाटी वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी झिजे, असे पुढच्या मोजमापांत दिसून आले. काही रुग्णांत तो सांधा तीस वर्षांहून अधिक चालला.

श्रोतेहो, ह्या प्रसंगातून ‘गरीब कारागीर मोठा आणि साहेब छोटा’ असा सोपा बोध आम्ही काढणार नाही. चार्नले नसते तर ते यंत्र नसते, तो प्रश्नही नसता. पण हेही खरे की कारागिराचा हात आणि त्याची जिज्ञासा ह्यांना मोकळीक नसती, तर एका विक्रेत्याच्या पिशवीतील तो तुकडा पिशवीतच परत गेला असता. चार्नले ह्यांना 1974 साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले, 1977 साली ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि ते योग्यच झाले. मात्र इतिहास सांगताना दुसरे नाव गाळू नये, एवढीच आमची मागणी आहे. आणि ती वाजवी मागणी आहे, असे आम्हाला वाटते.

यश मिळाल्यावर चार्नले ह्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. टेफ्लॉनने हात पोळले होते. म्हणून पॉलिएथिलीनचा सांधा त्यांनी लगेच बाजारात सोडला नाही. काही वर्षे आपल्याच रुग्णांवर त्याची नोंद ठेवली. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी राइटिंग्टनला येऊन शिकावे, असा दंडक घातला. रुग्णांना ते विनंती करीत की, आपल्या मृत्यूनंतर हा सांधा काढून तपासण्याची परवानगी द्यावी. कित्येक रुग्णांनी ती आनंदाने दिली. ज्याने आपल्याला चालवले तो सांधा जाता जाता पुढच्या माणसासाठी परत द्यायचा, ही त्या साध्या लोकांची सहकारी वृत्ती आम्हाला फार मोलाची वाटते. त्या परत आलेल्या वाट्या मोजूनच झिजेचे खरे आकडे हाती आले.

आता गोष्टीचा दुसरा भाग. पॉलिएथिलीन टिकाऊ ठरले तरी अमर नव्हते. 1970 ते 1990 ह्या काळात लाखो सांधे बसले आणि दहा-पंधरा वर्षांनी अनेकांच्या सांध्याभोवतीचे हाड पोखरलेले दिसू लागले. आरंभी दोष सिमेंटवर गेला. त्याला ‘सिमेंटचा रोग’ असे नावही पडले. पण ज्या सांध्यांत सिमेंट नव्हते तेथेही हाड खाल्लेले आढळले. खरा अपराधी निघाला तो झिजलेल्या प्लॅस्टिकचा कण. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. शरीरातील पहारेकरी पेशी त्यांना शत्रू समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या जी रसायने सोडतात त्यांच्यामुळे शेजारचे हाड विरघळू लागते. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच: झीज कमी करा.

आणखी एक गोष्ट उघडकीस आली. सांधे निर्जंतुक करण्यासाठी त्यांवर गॅमा किरण सोडत. हे काम हवेतच होई. किरणांनी प्लॅस्टिकच्या रेणूंचे दुवे तुटत आणि मोकळ्या टोकांना हवेतील प्राणवायू चिकटे. त्यामुळे कपाटात ठेवल्या ठेवल्या प्लॅस्टिक ठिसूळ होत जाई. ज्या किरणांनी जंतू मारायचे तेच किरण सांध्याचे आयुष्य खात होते, आणि हे पुरते ध्यानी येऊन पद्धत बदलायला 1990 नंतरची वर्षे उजाडावी लागली.

पण त्याच किरणांत उपायही होता. पॉलिएथिलीनचा रेणू म्हणजे फार लांब साखळी. अशा साखळ्या सुट्या असल्या की घासताना एकेक ओढली जाते आणि कण सुटतो. किरणांचा मोठा मारा केला तर साखळ्यांचे दुवे तुटून शेजारच्या साखळीशी जोडले जातात. आपल्या लोकांना हे समजावून सांगायला कठीण नाही: नुसता ताणा हातात घेतला तर धागा धागा सुटतो, बाणा घातला की कापड होते. जपानमध्ये ओनिशी ह्यांनी 1970 च्या सुमारास हा प्रयोग केला होता, पण जगाने फारसे लक्ष दिले नाही. पुढे बोस्टन येथे विल्यम हॅरिस, ओरहान मुरातोग्लू आणि एडवर्ड मेरिल ह्यांनी शल्यवैद्यक व रसायनशास्त्र एकत्र आणून ते काम पुरे केले. किरणांचा मारा झाल्यावर प्लॅस्टिक वितळवून थंड करायचे, म्हणजे मोकळी टोके शिल्लक राहात नाहीत. नवे सांधे त्यांनी चालणाऱ्या यंत्रात, गुरांच्या रक्तातील द्रवात बुडवून, लाखो पावले चालवून पाहिले. 1998 पासून हे आडव्या जोडणीचे प्लॅस्टिक रुग्णांना बसू लागले आणि त्याची झीज पूर्वीच्या मानाने फारच थोडी ठरली. 2007 पासून ई जीवनसत्त्व मिसळलेले प्लॅस्टिकही वापरात आले. मोकळ्या टोकांचा बंदोबस्त ते जीवनसत्त्व करते. सुट्या साखळ्या एकमेकींना बांधल्या की टिकतात, हा निष्कर्ष आम्हा युनियनवाल्यांना विशेष गोड वाटला, तर नवल नाही.

चिनी मातीच्या जातीच्या पदार्थांचीही कथा अशीच. फ्रान्समधील पो शहरी पिएर बुतँ ह्यांनी 1970 साली अॅल्युमिनाचा गोळा अॅल्युमिनाच्या वाटीत बसवला. हा पदार्थ अतिशय कठीण, झीज नाममात्र. परंतु काच काय आणि माती काय, ठिसूळपणा जातीचाच. दाणा बारीक करीत करीत कारागिरांनी तो दोष पुष्कळ घटवला. पुढे झिर्कोनिया हा अधिक चिवट पदार्थ आला आणि नीट चालला. 1998 साली एका फ्रेंच कारखान्याने भाजणीची भट्टी बदलली. एकेक खेप भाजणाऱ्या भट्टीच्या जागी अखंड चालणारी बोगद्याची भट्टी आणली. पदार्थ तोच, साचा तोच. पण त्या भट्टीतून निघालेल्या मालातील काही खेपांचे गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि 2001 साली माल परत बोलवावा लागला. उत्पादनाची गती वाढवताना मालाच्या अंगी काय उतरते, हे कुंभारवाड्यातील पोरही सांगेल. भट्टी बदलली की मडके पुन्हा वाजवून पाहावे लागते.

आता सर्वांत दुःखद प्रकरण सांगतो. धातूच्या वाटीत धातूचा गोळा ही जोडी जुनी. इंग्लंडमध्ये नॉरिच येथे मॅकी ह्यांनी ती चार्नले ह्यांच्याच काळात बसवली होती आणि त्यांतील काही सांधे वीस वर्षांवर चाललेही होते. प्लॅस्टिकच्या कणांचा उपद्रव कळल्यावर ह्या जोडीला पुन्हा बाजार आला. एका बड्या अमेरिकन कंपनीने, जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू ह्या शाखेने, 2003 पासून ‘एएसआर’ नावाचा सांधा विक्रीस काढला. अमेरिकेत त्याच्या एका प्रकाराला, तो जुन्यांसारखाच आहे एवढ्या आधारावर, रुग्णांवरील चाचणीवाचून मोकळीक मिळाली. त्याची वाटी उथळ होती. गोळा कडेवर घासला की कोबाल्ट व क्रोमियमचे कण सुटत, भोवतालचे मांस कुजे आणि रक्तात धातू उतरे. इंग्लंडच्या नोंदवहीत पाच वर्षांत शंभरांतील बारा-तेरा सांधे पुन्हा काढावे लागल्याचे दिसले. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने माल जगभरातून परत बोलावला, तोवर सुमारे 93,000 सांधे बसून गेले होते. चार्नले ह्यांनी काही वर्षे वाट पाहिली होती. येथे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! फरक इतकाच की, बाशिंग व्यापाऱ्याने बांधले आणि गुडघे रुग्णांचे गेले.

ह्या सांध्याची झळ आपल्या देशालाही लागली. भारतात अशा सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 साली मुंबईत पोलिसांकडे फिर्याद नोंदवली, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट. केंद्र सरकारने 2017 साली नेमलेल्या समितीने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला आणि पीडितांना किमान वीस लाख रुपये भरपाई द्यावी, अशी शिफारस केली. पण त्याच अहवालाच्या वेळी जे उघड झाले ते भरपाईच्या आकड्यापेक्षा अधिक बोचणारे आहे. 4,700 पैकी सुमारे 3,600 माणसांचा ठावठिकाणाच लागला नाही. कोणाच्या खुब्यात काय बसवले आहे, ह्याची धड नोंद नव्हती. मागाचा सुटा भाग आला तर स्टोअरच्या वहीत तारीख, नंबर आणि कोणत्या मागाला लावला हे लिहिले जाते. माणसाच्या शरीरात घातलेल्या भागासाठी तेवढी वही नव्हती!

स्वीडनने ही वही 1979 सालीच उघडली. देशात बसणाऱ्या प्रत्येक खुब्याची नोंद तेथे होऊ लागली: कोणता सांधा, कोणत्या रुग्णालयात, पुन्हा केव्हा काढावा लागला. ऑस्ट्रेलियाने 1999 साली, इंग्लंडने 2003 साली तेच केले. एएसआर खराब आहे हे प्रथम दाखवले ते अशाच वह्यांनी. अशा नोंदींच्या आधारेच 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले की, बदललेल्या शंभर खुब्यांपैकी अठ्ठावन्न आणि बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ब्याऐंशी पंचवीस वर्षे टिकतात. कोणा विक्रेत्याची ही जाहिरात नव्हे. हजारो लोकांच्या पावलांचा हा जमाखर्च आहे.

आपल्याकडे 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत त्या वेळी 54,720 रुपये ठरली. किमतीची लढाई आवश्यकच होती आणि तिचे श्रेय ज्यांना आहे त्यांना ते दिले पाहिजे. पण स्वस्त सांधा आणि टिकाऊ सांधा ह्या दोन निराळ्या मागण्या आहेत. कामगाराला दोन्ही हव्यात. ज्याला रोज मागापुढे उभे राहायचे आहे, घरी मांडी घालून जेवायचे आहे, त्याला दहा वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. टिकाऊपणा ही श्रीमंतांची चैन नाही. ती गरिबाची बचत आहे.

असो. हस्तिदंतापासून आडव्या जोडणीच्या प्लॅस्टिकपर्यंतची ही सव्वाशे वर्षांची वाटचाल आपण पाहिली. तिच्यात आम्हाला एकच सूत्र दिसले. जेथे झीज मोजली गेली, अपयश लिहून ठेवले गेले आणि यंत्रावरच्या माणसाचे ऐकले गेले, तेथे टिकाऊ सांधा सापडला. जेथे माप चुकवले, भट्टी घाईने पेटवली किंवा वहीच ठेवली नाही, तेथे त्या घाईची किंमत रुग्णाने आपल्या हाडांनी मोजली. उद्या आणखी नवे पदार्थ येतील, त्यांची नावे आजच्याहून अवघड असतील आणि जाहिराती आजच्याहून मोठ्या असतील. आपण सामान्य माणसांनी त्यांपैकी काय कळून घ्यावे? आमचे उत्तर साधे आहे. आपल्या घरातील कोणाचा सांधा बदलायची वेळ आली तर तीन प्रश्न विचारा. हा सांधा किती वर्षे, किती माणसांत चालला आहे? त्याचा नंबर आमच्या कागदावर लिहून मिळेल काय? आणि तो बिघडला तर ती नोंद कोठे होईल? हे विचारायला पदवी लागत नाही. आणि नंबर लिहिलेला तो कागद रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा.